माणशी १६८ मिनिटे

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस ठरावीक वेळाने बदलली, ओले कपडे लगेच काढले, त्वचा कोरडी ठेवली आणि अन्नपाणी नीट पोटात गेले, तर त्याच्या पाठीला सहसा जखम होत नाही. त्यासाठी महागडे यंत्र किंवा दुर्मीळ औषध लागत नाही. लागतात ते दोन हात आणि त्या हातांना मोकळा वेळ. म्हणून अमेरिकेतल्या एखाद्या नर्सिंग होममध्ये वृद्धेच्या माकडहाडाशी खोल गेलेली जखम सापडते, तेव्हा पहिला प्रश्न असा विचारायला हवा, की त्या आठवड्यात त्या मजल्यावर किती जण कामावर होते? दुष्ट माणसे असतात, मारहाण होते, चोऱ्या होतात आणि त्यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण हेळसांडीचा फार मोठा भाग कुणाच्या दुष्टपणाविनाच घडतो. महिन्याचे ड्युटीचे वेळापत्रक लागते त्याच दिवशी तो ठरून गेलेला असतो. नर्सिंग होम या संस्थेचा इतिहास पाहिला तर दिसते, की एका माणसाची नीट देखभाल करायला किती वेळ लागतो हे तिथे केव्हाच मोजून झाले आहे. त्या आकड्याला कायद्याचे बळ देणे मात्र दरवेळी टळले आहे.

आपल्याकडे नर्सिंग होमच्या पाटीखाली छोटे खासगी रुग्णालय असते. अमेरिकेतले नर्सिंग होम म्हणजे ज्यांना स्वतःचे स्वतः काही करता येत नाही अशांनी राहायची जागा. अशी सुमारे १५,००० नर्सिंग होम आहेत आणि त्यांत १२ लाखांच्या आसपास माणसे राहतात. त्यांतल्या सुमारे सत्तर टक्के संस्थांच्या मागे नफ्यासाठी चालणारी कंपनी आहे. हे प्रमाण आपोआप आलेले नाही. १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने गरीब वृद्धांना रोख मदत देऊ केली, पण सरकारी अनाथालयवजा गरीबगृहात राहणाऱ्यांना ती नाकारली. गरीबगृहांची दुर्दशा संपावी हा हेतू चांगला होता. परिणाम असा झाला, की मदतीचा चेक हाती असलेले वृद्ध खासगी घरांकडे वळले आणि त्यांना ठेवून घेण्याचा धंदा उभा राहिला. १९५४मध्ये बांधकामाला सरकारी अनुदान मिळू लागले, तेही रुग्णालयाच्या नकाशाबरहुकूम. लांब मार्गिका, दोन्ही बाजूंना खोल्या, मधोमध परिचारिकांचे टेबल ही रचना तेव्हाची आहे. ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअर आणि मेडिकेड या दोन योजनांवर सही केली आणि या धंद्यात सरकारी पैशाचा पाट वाहू लागला.

तो पैसा कसा वाहतो हे कळल्याशिवाय मनुष्यबळाचा प्रश्न कळत नाही. मेडिकेअर ही ज्येष्ठांची विमा योजना. रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या उपचारांसाठी ती जास्तीत जास्त १०० दिवसांपर्यंत पैसे देते आणि चांगले देते. पुढे आयुष्यभर तिथेच राहायचे असेल, तर माणूस आधी स्वतःची पुंजी खर्च करतो आणि ती संपली की गरिबांसाठीच्या मेडिकेडवर येतो. आज दहातल्या सहांहून अधिक रहिवाशांचा खर्च मेडिकेड उचलते, आणि तिचा दर राज्यागणिक वेगळा, पण बहुतेक ठिकाणी तुटपुंजा असतो. म्हणजे एका खाटेमागे दिवसाला मिळणारी रक्कम ठरलेली. इमारतीचे भाडे, विमा, वीज, कर्जाचे हप्ते यांना चटकन हात लावता येत नाही. सगळ्यांत मोठा आणि उद्यापासून कमी करता येण्याजोगा खर्च एकच, पगाराचा. शिवाय पगारात काटछाट केली तर इमारत बाहेरून तशीच दिसते. भेटीला आलेल्या मुलीला दिवाणखान्यातला पियानो दिसतो, रात्रीच्या पाळीत एक बाई कमी झाली आहे हे दिसत नाही.

ही एक बाई कमी झाल्याने काय होते, याचा हिशेब मांडून पाहू. आठ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटे. जेवणाची सुट्टी वजा केली की उरतात ४५०. सकाळच्या पाळीत एका मदतनीस बाईकडे सात जण असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला तासाभराहून थोडा अधिक वेळ येतो. पंधरा जण असतील, तर बरोबर अर्धा तास. त्या अर्ध्या तासात माणसाला उठवायचे, शौचाला न्यायचे किंवा डायपर बदलायचे, अंग पुसायचे, कवळी धुवायची, कपडे चढवायचे, चाकांच्या खुर्चीत बसवायचे, नाश्ता आणि दुपारचे जेवण द्यायचे, मधे पुन्हा शौचालय, कूस बदलणे, आणि या सगळ्याची संगणकात नोंद. ज्याला स्वतःच्या हाताने खाता येत नाही त्याला घाई न करता भरवायला एका जेवणालाच अर्धा तास सहज लागतो. त्याचा सगळा वाटा तिथेच संपला.

मग काही ना काही सोडून द्यावे लागते, आणि काय आधी सुटते याचाही एक क्रम असतो. पहिल्यांदा बोलणे सुटते. मग हाताला धरून चार पावले चालवणे सुटते, कारण खुर्ची ढकलत नेणे लवकर होते. आठवड्याच्या अंघोळी दोनाच्या एकावर येतात. घंटा वाजवून शौचालयाला न्यायची वाट पाहणाऱ्याला शेवटी डायपरमध्येच करायला सांगितले जाते, आणि काही महिन्यांत त्याला खरोखरच आवरेनासे होते. भरवणे घाईचे होते, अर्धे ताट तसेच उचलले जाते. पाण्याचा पेला टेबलावर असतो, पण हाताच्या टप्प्यात नसतो. शेवटी कूस बदलणे चुकते. चालणे बंद झाल्याने स्नायू गळतात आणि माणूस पडतो. पाणी कमी पडल्याने लघवीचा संसर्ग होतो. घाईच्या घासाने ठसका लागून अन्न फुप्फुसात जाते. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया किंवा सेप्सिस लिहिले जाते, आणि ते खोटेही नसते. त्या बाईने मात्र यातले काहीच दुष्टपणाने केलेले नसते. पंधरा जणांपैकी आज कुणाला वंचित ठेवायचे, एवढीच निवड तिच्या हाती दिलेली असते. ७५ तासांचे किमान प्रशिक्षण घेतलेल्या आणि तासाला अठरा-एकोणीस डॉलरवर राबणाऱ्या व्यक्तीवर हा निवाडा रोज लादणे, हीच या व्यवस्थेतली पहिली हेळसांड आहे.

किती वेळ पुरेल, हे मोजले गेले ते २००१मध्ये. केंद्र सरकारने करवून घेतलेल्या मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की दीर्घकाळ राहणाऱ्या माणसामागे दिवसाला एकूण ४.१ तासांची शुश्रूषा मिळाली नाही तर टाळता येण्याजोगी इजा वाढते. त्यातले २.८ तास, म्हणजे १६८ मिनिटे, मदतनिसांचे आणि उरलेले परिचारिकांचे. सकाळी सात, संध्याकाळी आठ आणि रात्री बारा जणांमागे एक मदतनीस ठेवली की साधारण हा आकडा येतो. त्या वेळी नव्वद टक्क्यांहून अधिक संस्था यातल्या एका तरी मापाला उणी पडत होत्या. अहवाल संसदेला सादर झाला आणि खर्च झेपणार नाही म्हणून बाजूला पडला. कायदा तोवर १९८७चाच होता आणि आजही तोच आहे. इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या १९८६च्या अहवालानंतर अध्यक्ष रेगन यांच्या कारकिर्दीत झालेला तो कायदा खरोखर मोठा होता. रहिवाशांना हक्क मिळाले, प्रत्येकाची लेखी तपासणी आणि देखभालीचा आराखडा सक्तीचा झाला, सोयीसाठी माणसाला खुर्चीला किंवा पलंगाला बांधून ठेवण्यावर बंदी आली. बांधण्याचे प्रमाण पुढच्या दोन-तीन दशकांत अगदी थोड्या टक्क्यांवर आले, हे त्याचे निर्विवाद यश. पण माणसांच्या बाबतीत त्याने एवढेच सांगितले, की दिवसातले सलग आठ तास एक नोंदणीकृत परिचारिका हवी, चोवीस तास कोणी तरी परवानाधारक परिचारिका हवी आणि एकूण कर्मचारी ‘पुरेसे’ हवेत. खाटा साठ असोत की तीनशे, आठ तास तेच.

‘पुरेसे’ या शब्दाची तपासणी कशी होत होती? २०१६पर्यंत संस्था स्वतःच सांगत असत, आणि तेही वार्षिक तपासणीच्या सुमाराचे दोन आठवडे धरून. २०१०च्या आरोग्य कायद्याने पगारपत्रकावरून रोजचे तास सरकारला कळवणे सक्तीचे केले, आणि ते अमलात आले तेव्हा खरे चित्र बाहेर आले. २०१८मध्ये पत्रकारांनी हा नवा तपशील तपासला तेव्हा दर दहापैकी सात संस्थांचे मनुष्यबळ आधी सांगितले होते त्याहून कमी निघाले. शनिवार-रविवारी परिचारिका सरासरी ११ टक्के आणि मदतनीस ८ टक्के कमी असत. २०१९मध्ये ‘हेल्थ अफेअर्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासात असे दिसले, की तपासणीच्या दिवसांत कर्मचाऱ्यांची संख्या चढते आणि तपासनीस गेले की उतरते. रहिवाशांच्या आजारपणाच्या मानाने जेवढे नोंदणीकृत परिचारिकांचे तास अपेक्षित, तेवढे तीन-चतुर्थांश संस्थांत जवळजवळ कधीच भरत नव्हते. तास मोजायचे कशाला, परिणाम मोजा, असे म्हणणाऱ्यांनी औषधांचा इतिहास पाहावा. बांधणे बंद झाले तशी गुंगी आणणारी, मनोविकारावरची औषधे वाढली. २०१२पासून सरकारने त्यांचे प्रमाण मोजून जाहीर करायला सुरुवात केली आणि आकडा खाली आला. पण स्किझोफ्रेनिया असलेल्यांना त्या मोजणीतून वगळले होते, आणि २०२१मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दाखवून दिले, की नर्सिंग होममधल्या दर नऊजणांतल्या एकाच्या कागदावर स्किझोफ्रेनिया नोंदलेला होता. सर्वसाधारण लोकसंख्येत तो दीडशेत एकाला असतो आणि उतारवयात नव्याने क्वचितच होतो. ज्या परिणामाची नोंद संस्था स्वतःच करते, तो कागदावर बदलता येतो. पगाराला जोडलेला तास बदलणे त्या मानाने फार अवघड आहे, म्हणूनच तो मोजायचा.

या वेळेची किंमत २०२०मध्ये साऱ्या देशाने पाहिली. वॉशिंग्टन राज्यातल्या कर्कलंड गावच्या एका नर्सिंग होममध्ये फेब्रुवारीअखेर कोविडचा पहिला मोठा उद्रेक उघड झाला. पुढे देशभरात या संस्थांमधले रहिवासी आणि कर्मचारी मिळून दोन लाखांहून अधिक दगावले. विषाणू कुठेही शिरला असता, हे खरे. पण कनेक्टिकट राज्यातल्या अभ्यासानुसार, निदान एक कोविड-मृत्यू झालेल्या संस्थांपैकी जिथे दर रहिवाशामागे नोंदणीकृत परिचारिकेची रोजची २० मिनिटे अधिक होती, तिथे मृत्यू २६ टक्के कमी होते.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते पोकळ नाहीत. पहिला आणि सगळ्यांत मोठा असा, की माणसे मिळतच नाहीत. साथीच्या काळात या क्षेत्रातल्या दोन लाखांहून अधिक नोकऱ्या रिकाम्या झाल्या. ग्रामीण भागात परिचारिका शोधून सापडत नाही, तिथे किमान संख्येची सक्ती केली तर संस्था बंद पडतील आणि वृद्धांना शंभर मैल दूर जावे लागेल. हे दुःख खरे आहे आणि ग्रामीण संस्थांना सवलत व मुदत द्यायला हवी. पण साथ येण्यापूर्वीच्या, २०१७-१८च्या पगारपत्रकांवरून काढलेला आकडा पाहा. शुश्रूषा कर्मचाऱ्यांची वार्षिक गळती सरासरी १२८ टक्के होती. म्हणजे वर्षभरात जितकी माणसे कामावर आहेत त्याहून अधिक सोडून जातात. म्हणजे माणसे येत होती, टिकत नव्हती. या मदतनिसांत दहापैकी नऊ स्त्रिया आहेत, स्थलांतरित आणि कृष्णवर्णीय स्त्रियांचा त्यांत मोठा वाटा आहे. वजन उचलून कंबर जाण्याचे प्रमाण या कामात सगळ्यांत वरच्या गटात मोडते. पंधरा जणांचा भार असलेली बाई सोडून जाते, तिचे काम उरलेल्यांवर पडते, मग त्याही जातात. ही टंचाई मोठ्या प्रमाणात संस्थांनीच पैदा केलेली आहे. किमान वेतन वाढले त्या भागांत नर्सिंग होममधली गळती आणि रहिवाशांची टाळता येण्याजोगी दुखणी दोन्ही कमी झाली, मृत्यूही कमी झाले, असे अर्थतज्ज्ञ क्रिस्टा रुफिनी यांनी दाखवले आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. मेडिकेडचा दर खर्चापेक्षा कमी, मग माणसे कशी ठेवायची? दर कमी आहेत आणि वाढवायला हवेत, यात वाद नाही. वाद आहे तो ‘खर्च’ कशाला म्हणायचे याचा. आज अनेक ठिकाणी नर्सिंग होम एका कंपनीचे, त्याची जमीन आणि इमारत दुसरीची, व्यवस्थापन तिसरीचे, आणि तिन्ही कंपन्यांचे मालक तेच असतात. नर्सिंग होम आपल्याच मालकाला चढे भाडे देते आणि कागदावर तोट्यात दिसते. इलिनॉय राज्याच्या हिशेबांवरून २०२४मध्ये आश्विन गांधी आणि अँड्र्यू ओलेन्स्की या अर्थतज्ज्ञांनी काढलेल्या अंदाजानुसार नफ्याचा सुमारे ६३ टक्के भाग अशा व्यवहारांत दडलेला होता. मॅनॉरकेअर या मोठ्या साखळीचे उदाहरण सर्वज्ञात आहे. २००७मध्ये कार्लाइल या गुंतवणूक संस्थेने ती ६.३ अब्ज डॉलरना घेतली, २०११मध्ये तिच्या जवळजवळ सगळ्या इमारती ६.१ अब्जांना विकल्या, आणि जी घरे आजवर तिची स्वतःची होती त्यांचेच भाडे साखळी भरू लागली. २०१८मध्ये तिने दिवाळखोरी पत्करली. खासगी गुंतवणूक फंडांनी घेतलेल्या नर्सिंग होममध्ये अल्पकाळ राहणाऱ्या मेडिकेअर रुग्णांचे मृत्यू सुमारे दहा टक्क्यांनी वाढले, हा २०२१मधल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष आहे. त्याच संस्थांत मदतनिसांचे तास घटले होते. न्यूयॉर्कने यावर सरळ उपाय केला. उत्पन्नाचा किमान ७० टक्के भाग रहिवाशांच्या थेट देखभालीवर आणि त्यातच उत्पन्नाचा किमान ४० टक्के भाग त्यांच्याजवळ काम करणाऱ्या माणसांवर खर्च झाला पाहिजे, असा कायदा केला. दर वाढवायचे तर ही अट जोडूनच वाढवायला हवेत, नाहीतर वाढलेला पैसा भाड्यात जाईल.

तिसरा आक्षेप अधिक मनापासूनचा आहे. डोकी मोजून माया येत नाही, चांगली देखभाल संस्कृतीतून आणि प्रशिक्षणातून येते. डॉ. बिल थॉमस यांनी मांडलेली ‘ग्रीन हाउस’ कल्पना त्याचे उत्तम उदाहरण. २००३मध्ये मिसिसिपीतल्या टुपेलो इथे ती पहिल्यांदा उभी राहिली. दहा-बारा जणांचे एक घर, प्रत्येकाला स्वतंत्र खोली, मधे उघडे स्वयंपाकघर, आणि तीच माणसे स्वयंपाक, स्वच्छता, देखभाल सगळे करतात. तिथले रहिवासी अधिक समाधानी असतात आणि कर्मचारी अधिक टिकतात. पण या घरांत मदतनिसांचा वेळ माणशी दिवसाला चार तासांच्या जवळपास ठेवलेला असतो. ज्या संस्कृतीचे कौतुक होते, तिच्या पायाशी तासच आहेत. तास असूनही माया नसेल, असे होऊ शकते. तासच नसतील तर मायाळू बाईच्या हाती काय उरते? आणि वृद्धांना घरीच ठेवावे म्हणजे प्रश्नच मिटेल, असे ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात घ्यावे, की अमेरिकेत तसे बऱ्याच प्रमाणात झालेच आहे. २०१३मध्येच मेडिकेडचा घरपोच सेवांवरचा खर्च संस्थांवरच्या खर्चापुढे गेला. परिणामी आज नर्सिंग होममध्ये राहतात ते सर्वांत जर्जर, अनेकदा स्मृतिभ्रंश झालेले, घरी ठेवणे कुणालाही न झेपलेले लोक. त्यांना २००१च्या रहिवाशांपेक्षा अधिक वेळ लागतो.

एवढ्या सगळ्या पुराव्यानंतर मे २०२४मध्ये केंद्र सरकारचा नियम निघाला. माणशी ३.४८ तास, त्यातले २.४५ मदतनिसांचे, आणि चोवीस तास नोंदणीकृत परिचारिका. हे २००१च्या मापापेक्षा कमीच होते, अंमलबजावणीला काही वर्षांची मुदत होती, ग्रामीण संस्थांना अधिक सवलत होती. तरीही ७९ टक्के संस्थांना भरती करावी लागली असती, असा सरकारचाच अंदाज होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांच्या मते नियमामुळे वर्षाला सुमारे १३,००० जीव वाचले असते. एप्रिल २०२५मध्ये टेक्सासच्या संघीय न्यायालयाने तो रद्द ठरवला. संसदेने आठ तास आणि ‘पुरेसे’ एवढेच लिहिले असताना सरकारी खात्याला त्यापुढे जाता येत नाही, हे त्यामागचे कारण. जूनमध्ये आयोवातल्या न्यायालयानेही तेच म्हटले. जुलैत संसदेने अंमलबजावणी २०३४पर्यंत रोखली आणि डिसेंबरमध्ये सरकारने नियमच मागे घेतला. न्यायालयाचा तर्क कायद्याच्या अक्षराला धरून असेलही. पण मग आकडा कायद्यातच लिहिणे हे संसदेचे काम आहे आणि १९८७पासून ते तिने केलेले नाही.

मेडिकेअर आली त्याच वर्षी, १९६५मध्ये, अमेरिकेने स्थलांतराचे दारही उघडले. त्यातून गेलेले पहिल्या पिढीतले मराठी डॉक्टर आणि इंजिनिअर आज ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांच्यासाठी हा प्रश्न परका राहिलेला नाही. इकडे महाराष्ट्रातही शहरांलगत पैसे भरून राहायची निवासी केंद्रे वाढत आहेत. ब्युरोकडून येणाऱ्या मावशीवर त्यांचा कारभार चालतो. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७चा कायदा जिल्ह्याला निदान एक, दीडशे निराधार वृद्धांचे वृद्धाश्रम असावा असे म्हणतो. माणशी किती वेळ, याबद्दल तो काही बोलत नाही. अमेरिकेत नियम गेला तरी पगारपत्रकातले तास दर तिमाहीला आजही जाहीर होतात, आणि २०२२पासून प्रत्येक संस्थेच्या नावापुढे शनिवार-रविवारचे मनुष्यबळ व वर्षभरातली गळती सरकारी संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. मराठी वस्ती मोठी असलेल्या न्यू जर्सीने २०२०मध्ये स्वतःचा कायदा केला. दिवसा आठ, संध्याकाळी दहा आणि रात्री चौदा जणांमागे एक मदतनीस. म्हणजे माणशी सुमारे १४२ मिनिटे. १६८ला ती २६ मिनिटांनी कमी पडतात, एकाला एक वेळचे जेवण नीट भरवायला लागतो जवळजवळ तेवढ्या वेळाने. तिथे आईवडिलांसाठी जागा शोधणाऱ्यांनी दिवाणखाना पाहण्याआधी पगारपत्रकातला मदतनिसांचा रविवारचा आकडा पाहावा, आणि तो १४२च्याही खाली असेल तर आरोग्य खात्याकडे लेखी तक्रार करावी. या कायद्याने दिलेले प्रमाण कुणाच्या मर्जीवर सोडलेले नाही, ते मागता येते.